काचपेटीची मागची खिडकी

सासऱ्यांना मोटारसायकलींची एजन्सी मिळाली आणि बीडला आमचा नवा बंगला उभा राहिला. बैठकीच्या भिंतीतच माशांची मोठी काचपेटी बसवायची ठरली. ती साफ करायला मागून खिडकी लागणार होती. त्या भिंतीमागे अर्ध्या भागात देवघर होतं आणि अर्ध्यात आमची झोपायची खोली. देवघरात माशांचा वास नको म्हणून खिडकी आमच्या खोलीत काढली. मला कुणी विचारलंही नाही. सुनेच्या खोलीत गडी कसा येणार, म्हणून मग सफाईसुद्धा माझ्याच गळ्यात पडली.

पेटीतून आरपार दिसायचं. बैठकीत पाहुणे असले की मी माझ्याच खोलीत, स्टुलावर उभी राहून, डोक्यावर पदर घ्यायचे. वाकलं की तो पाण्यात भिजायचा.

एकदा चौसाळ्याच्या पाहुण्यांनी विचारलं, "मागं कोण हाय?"

"कुणी न्हाई," सासरे म्हणाले. "काच पुसणं चाललंय."

पेटीच्या वरच्या फटीतून मला स्वच्छ ऐकू आलं. मागे कुणी नाहीच, तर पदर तरी कशाला? मी तो खांद्यावर सोडला आणि पाहुण्यांकडे तोंड करून काच पुसत राहिले.