अपडेटनं खाल्लं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ताईंच्या आईची गाणी अपडेटनं खाल्ली नव्हती. ती मी पुसली.

पांढरकवड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ताई माझ्या गिऱ्हाईक, झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, तिकडेच शाळेत शिकवतात. अपडेट झाल्यापासून त्यांचा जुना लॅपटॉप सुरू व्हायचा, निळा पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"काहून असं करून राह्यला, भाऊ?"

"रुसला तुमच्यावर."

"रुसू द्या. पण आईची गाणी हायेत त्यात, कोलामीतली. आई तर गेली. तेवढी सांभाळा."

"सांभाळतो ना, ताई."

खटपट करून सेफ मोडमध्ये उघडला. गाण्यांचं फोल्डर डेस्कटॉपवरच होतं. आमच्याकडे सगळे तिथंच ठेवतात, डोळ्यासमोर असावं म्हणून. अपडेट काढून टाकलं, लॅपटॉप चालला. इंटरनेट लागलं तसं तेच अपडेट पुन्हा उतरलं आणि पुन्हा निळा. ड्रायव्हर बदलले, मागच्या तारखेवर नेऊन पाहिला. कशानं बिघडतंय तेच कळेना, आणि कळत नाही हे ताईंना म्हणायची लाज.

अशा वेळी आम्हा दुकानदारांचं एकच औषध, फॉरमॅट: सगळं पुसायचं आणि सिस्टीम नव्यानं टाकायची. आधी फोल्डर काढून ठेवायचं, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण हाताशी एकच पेनड्राइव्ह, त्यात सिस्टीमचं सेटअप भरलेलं. दुसरा आणायला उठलो नाही. वैतागात हात चालत गेला. सी ड्राइव्ह साफ, आणि डेस्कटॉप असतो सीमध्येच.

"ताई, अपडेटनं खाल्लं सगळं."

ताईंनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "मंग तुमी तरी काय करसान, भाऊ?"

पुसलेलं लगेच शोधलं तर कधी कधी मिळतं. नागपूरला तसं काम करणारे आहेत. पण तिकडे पाठवलं असतं तर फॉरमॅट मारल्याचं निघालं असतं. म्हणून मी लॅपटॉप तसाच वापरायला दिला. शाळेचे निकाल, फोटो, व्हिडिओ. रोज काहीतरी त्या गाण्यांच्या जागेवर लिहिलं गेलं, आणि ती परत मिळण्याची शक्यता संपत गेली.

परवा ताई पुन्हा आल्या. "एखादं तरी निघते का?"

"नाही," म्हणालो.

गाणी आता मी देऊ शकत नाही. ती कोणी पुसली हे त्यांना सांगणं, एवढं देणं मी लागतो. ते अजून दिलेलं नाही.