गोजरबाईची ज्वारी वाढली

धावडा गावच्या गोजरबाईच्या तोंडून 'संपलं' हा शब्द कुणी कधी ऐकला नाही. आमच्याकडं रिवाजच आहे, खळ्यावरची रास उचलून झाली, दाणा सरला, की 'संपला' म्हणायचं नसतं. 'वाढला' म्हणायचं, नाहीतर लक्ष्मी रुसते. बाकीचे लोक खळ्याबाहेर पडले की तोंड मोकळं सोडतात. ही बाई घरातसुद्धा मीठ वाढलं, पीठ वाढलं, तेल वाढलं! मडकी रिकामी आणि सगळं आपलं वाढलेलं.

हट्टी होती. नवरा वारल्यावर दीर भुजंग जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला मागत होता, तिनं दिली नाही. पेरणीला तिफणीमागं स्वतः चालायची, चाड्यावर बी सोडणारी मूठ तिचीच असायची. गावानं नावं ठेवली, तिनं ऐकून सोडून दिली.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. त्या साली माघात गारा पडल्या आणि उभी ज्वारी भुईसपाट झाली. सरकारनं मदत द्यायचं ठरवलं, पुढच्या बियाण्यापुरते हाली रुपये, म्हणजे निजामाच्या नाण्याचे. पाहणीला महसूल खात्याचा गिरदावर गयासोद्दीन आला, पण कधी? काळी पडलेली धाटं जनावरांनी खाऊन शेतं मोकळी झाल्यावर! बघायला काही उरलंच नव्हतं, म्हणून बिचारा तोंडी विचारत फिरला. बाकीच्यांना चावडीवर विचारलं. गोजरबाई रिकामं खळं झाडत होती, तिला तिथंच गाठलं आणि ज्वारी कशी झाली म्हणून विचारलं.

"वाढली, साहेब," ती म्हणाली.

त्यानं तसंच उर्दूत लिहून घेतलं. पीक जोरात.

मदत मंजूर झाली तेव्हा यादीत सगळ्या गावाचं नाव होतं, एकट्या हिचंच नव्हतं. लोक पोट धरून हसले. मला चीड आली, बाई गं, एकदा तरी सरळ बोलायचं होतंस! भुजंग त्याच दिवशी तिच्या ओट्यावर येऊन बसला. बियाणं न्हाई तर जमीन पडीक ठेवणार का, माझ्याकडं दे, म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, तिच्याजवळ दुसरी वाट नव्हती.

रुपये वाटायला गयासोद्दीन चावडीवर बसला, तेव्हा ती पुढं झाली. माझं नाव राहिलं, म्हणाली. तो वैतागला.

"तुम्हीच बोलल्या ना, वाढली म्हणून? मंग मदत कशाची?"

मागून बायका कुजबुजल्या, ही चावडी आहे, खळं न्हाई, म्हणून टाक 'संपली'. तिनं मान हलवली. मग पदराखालचे दोन्ही हात बाहेर काढून त्याच्यासमोर धरले. मनगटं मोकळी होती.

"साहेब, मालक गेल्यावर तुमच्यातबी बाईच्या चुड्या वाढवतात ना?"

"वाढवतात."

"मंग माझी ज्वारी तशी वाढली."

गयासोद्दीननं त्या हातांकडं बघितलं. त्यानं टाक उचलला, आधीचं खोडलं आणि खाली नवीन लिहिलं.

"असं कुणाचं न वाढो, बाई," तो म्हणाला.

पुढं तो गावात आला की आधी विचारून घ्यायचा, वाढलं म्हणजे कोणतं वाढलं? लोक अजून ते सांगून हसतात.

मृगात पाऊस बरा झाला. भुजंग बांधापर्यंत येऊन परत गेला. चाड्यावर मूठ गोजरबाईचीच होती.