व्हर्लीनच्या दारावरचा बोर्ड

टेक्ससमधल्या त्या आडगावात व्हर्लीनच्या खाणावळीवाचून कुणाची सकाळ होत नसे. नवरा गेल्यावरही तिने ती एकटीने चालवली आणि सत्तरीला टेकली तरी न्याहारीच्या मऊ, पावासारख्या बिस्किटांचं पीठ दुसऱ्या कुणाला मळू दिलं नाही. बाई मजेत होती. त्या मजेत रोज न्याहारीला येणाऱ्या तिच्या जुन्या मित्राचा, एल्वुडचा, मोठा वाटा. गर्दी ओसरली की ती त्याच्यासमोर कॉफी घेऊन बसे आणि दोघं गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत.

मग एकदा कुणा परगावच्या गिऱ्हाइकाचं शर्टाखाली खोचलेलं पिस्तूल निसटून बाळाच्या खुर्चीजवळ पडलं. उडालं नाही, हे नशीब! टेक्ससमध्ये पिस्तूल जवळ बाळगायला मोकळीक; कोर्टात सरकारच बंदी घालतं, खासगी जागेत ती मालकाने घालायची; तीही कायद्याच्याच शब्दांत, इंच-इंच अक्षरांत, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. व्हर्लीनने ‘पिस्तूल आत आणायला मनाई’ असा भलाथोरला बोर्ड दारावर ठोकला.

एल्वुडने तो वाचला आणि परत गाडीत जाऊन बसला. त्याच्या पेट्रोल पंपावर दरोडा पडला, तेव्हापासून तो पिस्तुलाशिवाय वावरत नसे. आठवडाभर हेच चाललं. व्हर्लीनला काही गोड लागेना. शेवटी ती स्वतःच कॉफी घेऊन त्याच्या गाडीत जाऊन बसली.

“पोस्टाच्या आवारातही पिस्तूल चालत नाही, म्हणून ते गाडीसकट रस्त्यापलीकडे ठेवतोस ना? मग माझ्याच दारात कसला रुसवा?”

“रुसवा नाही गं. पोस्टात दोन मिनिटांचं काम. इथे तासभर बसायचं. दार वाजलं की हाताशी काही नसेल तर घास उतरत नाही माझा.”

“मेल्या, इतकी वर्षं मी बोलते आणि तू दाराकडे बघतोस, ते कळत नाही होय मला? चल आत. माझ्या खुर्चीत बस, दाराकडे पाठ करून. दाराकडे मी बघते.”

“आणि कुणी आलंच तर काय करशील?”

“कॉफी विचारीन!”

एल्वुडला हसू आवरेना. पिस्तूल गाडीत कुलपात ठेवून तो आत आला. दार वाजलं की त्याची मान ताठ व्हायची आणि व्हर्लीन हळूच सांगायची, “पोस्टमन आहे.” “पाद्रीबाबा.” पुढे गप्पा रंगल्या. दार पुन्हा वाजलं तेव्हा ती सांगायला विसरली. एल्वुडने विचारलंही नाही.