छायाची शाळा माझ्यामुळे सुटली

छाया आज पहाटे गेली.

सेहेचाळीस वर्षांची होती. कावीळ झाली होती. पोटात दुखतंय हे तिला कुणाला नीट सांगता आलं नाही. घरच्यांना कळलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

तिला बोलता का येत नव्हतं, ते आज लिहिते. कारण त्यात माझा हात आहे.

अठ्ठ्याऐंशी साल. मी एरंडोलहून धुळ्याला डी.एड. करायला आले होते. वय एकोणीस. देवपुरात एका कंडक्टरच्या घरी खोली घेतली, जेवणही त्यांच्याकडेच. त्यांना सगळे आबा म्हणायचे, त्यांच्या बायकोला अक्का. छाया त्यांची मुलगी. नऊ वर्षांची, पण अजून दुसरीतच.

दुसऱ्या वर्षी आम्हाला बालमानसशास्त्राची केस स्टडी होती. एक मूल निवडायचं आणि त्याचा शारीरिक, बौद्धिक, सामाजिक, नैतिक विकास तपासायचा. कुठल्या वयाला काय यायला हवं, त्याचा तक्ता सरांनी फळ्यावर लिहून दिला होता. मला तो पाठ होता.

मूल शोधायला लांब कशाला जायचं? छाया घरातच होती.

उंची, वजन, दात. सगळं वयाप्रमाणे.

मग बौद्धिक. ओट्यावर शेंगांच्या दोन ओळी मांडल्या, सारख्याच. मग एक ओळ पसरवून लांब केली.

"छाया, या ओळीत जास्त शेंगा आहेत का गं?"

ती माझ्या तोंडाकडे बघून हसली. "हो."

मग नैतिक. "मैत्रिणीकडून चुकून तुझी पाटी फुटली. तिला मारायचं का?"

"हो."

"आणि मुद्दाम फोडली तर?"

"हो."

मी वहीत लिहून घेतलं. मला अगदी डॉक्टर झाल्यासारखं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र लिहिली नाही. गुरुवारी माझा उपवास असायचा. त्या दिवशी छाया माझ्या ताटात भाकरी वाढत नसे, भगरीचं पातेलं माझ्यापुढे आणून ठेवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आठवड्याचा वार ती स्वतःच ओळखायची.

मी ते दर गुरुवारी बघत होते. पण त्यासाठी केस स्टडीच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

रिपोर्टच्या शेवटी मी लिहिलं, "बालिकेचा बौद्धिक विकास चार वर्षांच्या पातळीवर थांबलेला आहे. नियमित शाळेचा तिला लाभ होण्याची शक्यता कमी."

पन्नासपैकी सेहेचाळीस मार्क. सर म्हणाले, "चारही बाजू छान आल्यात."

मी आनंदाने फाइल घरी आणली. आबा म्हणाले, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य दोनदा, कारण ते त्यांना कळलं नाही.

आबांनी फाइल मिटली. मग त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मंग शाळामा धाडीसन काय फायदा?"

अक्का म्हणाली, "अहो, ती पोर शे आजून. शिकी हळूहळू."

"ही शिकेल शे ना," आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ही लिखस, ते खरंच व्हई."

त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं, आबा, हा नुसता अभ्यास आहे हो, मार्कांसाठी लिहिलाय.

मी ते म्हटलं नाही. त्यांनी मला शिकलेली म्हटलं, याचंच मला बरं वाटत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. छाया दप्तर घेऊन दारात उभी राहिली. अक्काने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

ती खूप रडली. मग एक दिवस रडायची थांबली.

मला नोकरी लागली, जळगाव जिल्ह्यात. आठ वर्षं गेली. जिल्हा परिषदेच्या एका प्रशिक्षणात एक बाई सहज म्हणून गेल्या, "मूल सगळ्याला हसून हो म्हणत असेल, तर आधी त्याचे कान तपासा."

पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

तिथूनच धुळ्याची बस धरली. छाया अंगणात गहू पाखडत होती. एकोणीस वर्षांची. मी तिच्या मागे उभी राहून हाक मारली. मग मोठ्याने. मग ओरडून.

ती पाखडतच राहिली.

जळगावच्या डॉक्टरांनी कान तपासले. दोन्ही कान लहानपणापासून अधू. "डोक्यात काही कमी नाही," ते म्हणाले. "पण आता फार उशीर झालाय. नऊ-दहा वर्षांची असताना आणली असती, तरी थोडंफार बोलली असती, शिकली असती."

कानाचं मशीन घेतलं. तिला त्याचा नुसता गलका ऐकू यायचा. चार दिवसांनी तिने ते काढून ठेवलं, पुन्हा लावलं नाही.

आबांना मी सगळं सांगितलं. माझं चुकलं, म्हटलं. ते मला रागावतील, हाकलून देतील असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

ते एवढंच म्हणाले, "आते काय करसूत बेटा. तिनं शिकानं वय गयं."

नंतर आबा गेले, अक्का गेली. छाया भावाच्या घरी भांडी, धुणं, दळण करत राहिली. मी दिवाळीला जायची, साडी द्यायची. ती माझा हात धरून बसायची. मी कोण आहे आणि मी काय केलंय, हे तिला कधीच समजावता आलं नाही. मला खुणांनी सांगता येईना.

या नोकरीत शेकडो मुलांचे फॉर्म भरलेत मी. त्यातले किती चुकलेत, माहीत नाही. आता शोधायला जाण्यात अर्थही नाही.

तिच्या भावाचा दुपारी फोन आला. "ताई, येऊ नका. सगळं उरकलंय."

छाया, तुझी माफी मागायलासुद्धा मला उशीर झाला.

जा बाई. शांत राहा.