एका सेल्फला उठणारी गाडी

आबांच्या कानफटात बसली आणि त्यांचा पटका डांबरावर पडला. आबा म्हणजे माझे सासरे, सत्तरीचे. मारणारा तहसीलचा माणूस माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा.

"देशात लढाई लागलीय आन् तुला कोकरं सुचतात व्हय रं?"

न्हावरे फाटा. भरदुपार. नवरा मेंढ्यांमागे चालत येत होता. चार-चार दिवसांची कोकरं पिकअपमध्ये घालून मी आणि आबा पुढे निघालो होतो. गाडी माझी, चालवते मीच. दौंडला लष्कराचं सामान उतरणार म्हणून त्या दिवसांत खाजगी गाड्या सरकारजमा होत होत्या.

गावात गाड्या काय कमी होत्या? सरपंच आप्पांचे दोन ट्रक होते. पण कारकून यादी करायला आला त्याच्या आदल्या दिवशी त्यांची चाकं निघाली, ट्रक विटांवर चढले. कागदावर नादुरुस्त. आमच्या पालावर येऊन कारकुनाने विचारलं, गाडी चालू आहे का. आबांनी छाती पुढे काढली. "येका सेल्फला उठती, साहेब." जनावर असो की गाडी, आपल्या दावणीच्या लक्ष्मीला परक्यापुढे वाईट म्हणायचं नाही, ही आमची रीत. त्या रीतीनेच आमचा घात केला.

फाट्यावर तहसीलच्या माणसांनी कोकरं तंगडीला धरून खाली फेकली. एकाची मान तिथंच मोडली. गाडीतला डिझेलचा कॅन लाथेने उडाला आणि बाकीच्यांच्या अंगावर सांडला. मी किल्ली धरून ठेवली तर पाठीत काठी बसली. दुसरी मनगटावर. किल्ली पडली. आप्पा पानटपरीशी उभे राहून बघत होते.

"देशासाठी येवढं तरी कर गं," म्हणाले.

मी मान खाली घातली. हो, घातली. त्याची लाज मला अजून वाटते.

दिवस मावळायला मेंढ्या आल्या, पान्हावलेल्या. आई पिल्लाला वासाने ओळखते. हुंगायची, डिझेलचा वास आला की टक्कर मारून पाडायची. मी कोकरं धुतली, आयांचंच दूध त्यांच्या अंगाला चोळलं. उपयोग झाला नाही. भरल्या कासेखाली कोकरं उपाशी मेली. आबा खड्डे खणत होते आणि एकच म्हणत होते, मी खोटं बोलायला पाहिजे होतं.

आठवड्याने मी औषध आणायला दौंडला गेले. स्टेशनाबाहेर सरकारजमा गाड्यांची रांग होती, माझी त्यात नव्हती. कुणीतरी म्हणालं, कासुर्डीकडे बघितली. गेले. हायवेच्या कडेला उभी होती. काचेवर 'शासकीय कामासाठी' असा कागद आणि मागे कांद्याच्या गोण्या. गोण्यांवर आप्पांचं नाव. लढाई कांद्याची होती तर.

ड्रायव्हर आप्पांचा भाचा. मी आडवी उभी राहिले. त्याने हॉर्न दिला, मग बंपर माझ्या गुडघ्याला टेकवला. मी वाकले. धोंडा उचलला आणि काच फोडली. माझीच गाडी, माझीच काच. तो खाली उतरून माझ्या केसांना झोंबला, तर मी त्याच्या हाताला दात लावले. रक्त आलं तरी सोडलं नाही. माणसं जमली आणि त्यांनी मोबाईलवर गोण्यांचे फोटो काढले, तेव्हा सोडलं.

गाडी परत मिळाली. चांगल्या स्थितीत मिळाली असं लिहून द्या, मग काचेची केस मागे घेतो, असं तहसीलात म्हणाले. मी सही केली नाही. म्हणून काच फोडल्याची केस अजून माझ्यावरच आहे.

गेल्या सोमवारी तोच कारकून नवी यादी घेऊन आला. आबा माझ्याआधी उठले. म्हणाले, गाडी बिघडलीय, साहेब. मी त्यांना खाली बसवलं.

"न्हाई आबा. खोटं आपण बोलायचं न्हाई." मग मी कारकुनाकडे वळले. "गाडी चालू हाय. येका सेल्फला उठती. लिवा. पर आधी आप्पांच्या ट्रकाची चाकं बसवा. ते ट्रक माझ्या म्होरं फाटा वलांडत्याल, तवाच किल्ली मिळंल."

तो म्हणाला, पोलीस आणीन.

आण, मी म्हणाले. किल्ली माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात आहे. आता मनगट मोडलं तरी ती पडायची नाही.