पाठीवरचा पदर

माझी हौसाआत्या माणसं पायांवरून ओळखते. पाठ कमरेतून इतकी वाकली आहे की समोरच्याचं तोंड तिला दिसतच नाही. मी पालीला, तिच्या गावी, पोचले की ओट्यावरून आवाज यायचा, "आली का पुण्याची बाई? पायताण नवं दिसतंय." राजगडावर निघालेले ट्रेकर पाण्याला थांबले, की ती त्यांच्या बुटांशीच गप्पा मारते. "तोंडं काय, दिवाळीला एकदा बघितली की झालं," म्हणते. फोटोची वेळ आली की मात्र तिला नेमक्या शेळ्या आठवतात.

डॉक्टर वापरतात त्या एका सॉफ्टवेअरवर मी काम करते. त्यात आधी स्कॅनची नुसती चित्रं दिसत. त्याला आम्ही दोन नवी साधनं जोडत होतो. एक, एकाच्या पाठीचा कणा दुसऱ्याच्या कण्यावर नेमका बसवणारं. दुसरं, पुष्कळ कण्यांवरून वयाप्रमाणे आकार कसा बदलतो, याचा अंदाज देणारं. आत्या पडली तेव्हा काढलेला स्कॅन मी चाचणीसाठी मागितला.

"तुझ्या कामाला यील तर घे की," म्हणून तिनं सही केली.

स्कॅनवरचं नाव काढून टाकलं होतं. पण तिचा कणा काही केल्या बसेना. प्रोग्रॅम दर वेळी तिच्यापाशीच अडकायचा. "काय कमान आहे!" असं टीममधलं कुणीतरी म्हणालं. मीही हसले होते.

अखेर कणा बसला. त्या आठवड्यात मी लॅपटॉप घेऊन पालीला गेले आणि तो तिच्या मांडीवर ठेवला. तिची मान खालीच, त्यामुळे तिला नीट दिसत होतं. स्क्रीनवरच्या तिच्या कण्याखालची वयाची पट्टी मी मागे सरकवली. कणा हळूहळू सरळ झाला.

"कोण गं ही?"

"तूच. म्हणजे, अंदाज आहे. तिशीतली."

तिनं स्क्रीनवरून बोट फिरवलं. "व्हय. अशीच व्हते मी."

मला फार आनंद झाला. "आत्या, तुझा कणा बसला तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!"

बोट थांबलं.

"बाप्ये व्हते?"

"हो... पण नाव नव्हतं गं कुठं."

"नाव कशाला लागतंय? पाठ माझीच न्हवं?"

असल्या प्रश्नांना ऑफिसात आमच्याकडे इंग्रजीत तयार उत्तरं असतात.

"मिटव ते," ती म्हणाली.

तो स्कॅन मी चाचणीतून काढून टाकायला लावला. तसं तिला सांगितलंही. "बरं," म्हणाली.

अजूनही ती माझे पाय लांबून ओळखते. "आली का?" विचारते. पायताणाचं काही बोलत नाही. आणि मी ओट्यापाशी पोचायच्या आत हात मागे नेऊन पदर पाठीवर ओढून घेते.