वासंतीताईंचा डबा

आमच्या मंडळाचं कुठलंही नाटक ठरलं, की वासंतीताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "लेखकाला विचारलंत का?" पुण्यात त्या कॉपीराइटच्या वकील होत्या. नवऱ्याच्या नोकरीमागे नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला आल्या आणि सनद कपाटात गेली. जीभ मात्र तशीच राहिली.

त्या वर्षी आम्ही हुशारी केली. लेखक जाऊन साठहून जास्त वर्षं झालेली आहेत असं जुनं नाटक शोधलं. कॉपीराइट संपलेला, म्हणजे परवानगी नको आणि मानधनही नको. मुख्य भूमिका ताईंना दिली. अशी भूमिका त्यांना इथे आठ वर्षांत पहिल्यांदाच मिळत होती, त्यामुळे मला वाटलं आता तरी गप्प बसतील. कसल्या बसतात!

"फुकट मिळालंय ना? मग वाचलेलं मानधन आज लिहिणाऱ्या एखाद्या नव्या लेखकाला द्या," त्या मीटिंगमध्ये म्हणाल्या. "काही देशांत कायदाच आहे तसा. जुनी कलाकृती वापरा, पण फी भरा. ती जिवंत कलावंतांच्या निधीत जाते."

"इथे आहे तो कायदा?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"भारतात?"

"तिथेही नाही. म्हणून काय कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं? लिहिणाऱ्याला भूक आजच लागते."

मानधन ठरेपर्यंत तालमीला उभी राहणार नाही, असं त्यांनी बजावलं. अध्यक्षांनी मतदान घेतलं. मी सेक्रेटरी, मला सगळ्यांशी गोडीत राहायचं होतं. ताईंच्या विरोधात मीही हात वर केला. त्याची लाज मला अजून वाटते. भूमिका दुसरीला गेली.

प्रयोगाच्या दिवशी ताई हॉलच्या दारात हजर. हातात स्टीलचा डबा, त्यावर 'नव्या लेखकासाठी' अशी चिठ्ठी आणि क्यूआर कोड, कारण इथे सुटे पैसे असतात कोणाकडे? अध्यक्षांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. त्या चार पावलं मागे सरकल्या. "हॉल तुम्ही भाड्याने घेतलाय. फूटपाथ खेमेंटेचा आहे, नगरपालिकेचा. इथून हलवून दाखवा."

मध्यंतरात मी बाहेर गेलो. वाऱ्याने त्यांचे डोळे लाल झाले होते. वाऱ्यानेच, असं त्या म्हणाल्या.

"माझा प्रवेश कसा झाला रे?"

"तुमच्यासारखा नाही झाला."

"खोटं बोलू नकोस. टाळ्या ऐकल्या मी." मग त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. "त्या दिवशी हात वर केलास ना? आता त्याच हाताने फोन काढ."

मी फोन काढला आणि कोड स्कॅन केला.

मंडळाने त्यांना पुन्हा भूमिका दिली नाही आणि त्यांनीही मागितली नाही. दर नाटकाला त्या फूटपाथवर उभ्या राहिल्या. त्या पैशांतून कोल्हापूरच्या एका मुलीने नवं नाटक लिहून पूर्ण केलं. गेल्या वर्षी ताई कायमच्या पुण्याला परतल्या. जाताना डबा त्यांनी माझ्याकडे दिला, मी घेईन का हे विचारलंसुद्धा नाही.

आता तिथे मी उभा राहतो. अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही.